एका वाक्यातली गोष्ट

श्रोतेहो, हे भाषण सुरू होण्याआधी निवेदिकेनं तुम्हाला एक वाक्य ऐकवलं. कोण बोलणार आणि कशावर बोलणार, एवढंच. तेवढ्यावर तुमच्यातल्या काहींनी रेडिओ चालू ठेवला असेल, काहींनी बटण फिरवलं असेल. पटकथेच्या नशिबीही हेच येतं. निर्मात्याकडे शंभर-सव्वाशे पानांची संहिता पाठवली, तरी ती तो उघडणार की नाही, हे तिच्याआधी पोचलेलं एक वाक्य ठरवतं. त्या वाक्याला लॉगलाइन म्हणतात.

शब्द हॉलिवूडचा आहे. तिथल्या जुन्या स्टुडिओंमध्ये आलेल्या संहितांची नोंदवही असे, तिला लॉग म्हणत. प्रत्येक नावापुढे ती गोष्ट ओळीभरात टिपून ठेवत, त्यावरून हे नाव पडलं असं सांगतात. आपल्याकडे 'वन लाइन' हा शब्द ऐकू येतो, पण त्याचा अर्थ पुष्कळदा प्रसंगांची क्रमवार यादी असा होतो, तेव्हा घोटाळा नको. पोस्टरवरची चटकदार ओळ ती टॅगलाइन, तीही वेगळी. टॅगलाइन प्रेक्षकाला भुलवते. लॉगलाइननं गोष्ट सांगायची असते.

पटकथा लिहू पाहणारी मुलं अधूनमधून माझ्याकडे आपली वाक्यं घेऊन येतात. कवीकडे कशाला, असं मी विचारतो. त्यांचं म्हणणं, "सर, शेरात दोन ओळींत सगळं येतं ना?" येतं, पण शेर अर्धं झाकून ठेवतो आणि ऐकणारा ते उघडेपर्यंत थांबतो. मुशायऱ्यात तेवढा वेळ असतो. निर्मात्याकडे तो नसतो. म्हणून थोडक्यात सांगण्याची सवय मी देऊ शकतो, झाकण्याची सवय मात्र दाराबाहेर ठेवायला सांगतो.

बहुतेकांच्या कागदावर गोष्ट नसते, विषय असतो. 'शेतकऱ्यांच्या आत्महत्यांवर भाष्य करणारा चित्रपट.' यात कोण आहे? काय करतो? आता सतीश मनवर यांचा २००९ सालचा 'गाभ्रीचा पाऊस' आठवा. विषय तोच, विदर्भच. पण ते वाक्य असं होईल: शेजारच्या शेतकऱ्यानं आत्महत्या केल्यावर आपलाही नवरा तेच करील या धास्तीनं एक बाई त्याच्यावर पाळत ठेवते, आणि त्या कामाला आपल्या लहानग्या पोरालाही लावते. ऐकल्याबरोबर चित्र दिसतं. बाप शेतात चाललाय, मागून पोरगं. आणि तुमच्या तोंडून आपसूक 'मग?' निघतं. लहानपणी आजी गोष्ट सांगताना थांबली की आपण म्हणायचो तेच 'मग?'. माझ्याकडे दुसरी कसोटी नाही. वाक्य वाचून दाखवायचं आणि समोरच्याच्या तोंडाकडे पाहायचं. 'छान विषय आहे' असं तो म्हणाला, तर घरी जाऊन पुन्हा लिहायचं.

त्या वाक्याचं पोट फाडून पाहिलं तर आत काय सापडतं? एक माणूस, त्याला काहीतरी निकडीनं हवंय, ते मिळू न देणारं काहीतरी समोर उभं आहे, आणि नाही मिळालं तर काय जाईल याची भीती आहे. ओघात हे सगळं यायला हवं. नाव बहुतेक वेळा लागत नाही. 'राजेश' म्हटल्यानं मला काहीच कळत नाही, 'कर्जात बुडालेला बँडवाला' म्हटल्यावर कळतं.

आणि खरी अडचण इथेच आहे. नाव काढलं की त्या जागी विशेषण येतं. ते कोणतं घ्यायचं?

याबद्दल मी जरा जास्त बोलेन, कारण माझ्या अंगावरचं आहे. कविसंमेलनात माझं नाव पुकारताना सूत्रसंचालक 'आपले मुस्लिम मराठी कवी' असं म्हणतात. प्रेमानंच म्हणतात. मी मुसलमान आहे आणि मराठीत लिहितो, त्यात खोटं काही नाही. पण पुढे मी वाचतो ती कविता आटलेल्या विहिरीवरची असते, आणि समोरचे लोक तिच्यात मोहरम शोधत बसतात. त्या एका विशेषणानं त्यांना चुकीच्या दाराशी नेऊन सोडलेलं असतं.

मुलांच्या कागदांवरही तेच दिसतं. 'एक मुस्लिम तरुण क्रिकेटपटू व्हायचं स्वप्न पाहतो.' मी विचारतो, पुढे त्याच्या वाटेत त्याचं मुसलमान असणं कुठे येतं का? 'नाही सर, वडिलांची पानटपरी बंद पडते.' मग टपरी आण की बाबा वर! टपरीवाल्याचा मुलगा म्हण. विशेषण तेच ठेवावं, ज्याच्यावर गोष्ट जाऊन आदळते. बाकीची त्या माणसाची खरी असली, तरी त्या वाक्याची नव्हेत.

याचा अर्थ जात-धर्म गाळून टाका, असा कुणी घेऊ नये. नागराज मंजुळे यांचा २०१३ सालचा 'फँड्री' घ्या. 'वर्गातल्या मुलीवर जीव जडलेला एक गावाकडचा मुलगा' असं लिहिलं, तर तो कुठलाही सिनेमा झाला. आता हे ऐका: गावातली डुकरं धरायचं काम ज्याच्या घराकडे आलंय असा कैकाडी पोरगा, आपण ते काम करताना वर्गातल्या सवर्ण मुलीच्या नजरेला पडू नये म्हणून धडपडतो. इथे जात काढली की गोष्टच राहत नाही. तिला सभ्यपणा म्हणून झाकणारा लेखक घाबरलेला असतो, असं माझं मत आहे.

प्रभातचा १९४१ सालचा 'शेजारी' तर माझ्या जिव्हाळ्याचा. दिग्दर्शन व्ही. शांताराम यांचं, कथा विश्राम बेडेकरांची. धरणासाठी गाव हवं असलेला ठेकेदार, त्याच्या वाटेत उभे असलेल्या जन्माच्या दोन मित्रांमध्ये, एका हिंदू आणि एका मुसलमान म्हाताऱ्यामध्ये, फूट पाडतो. इथे धर्म वाक्यात हवाच, कारण ठेकेदार पाचर मारतो ती तिथेच. गंमत म्हणजे यातला मिर्झा केला होता गजानन जागीरदारांनी, आणि याच्याच हिंदी अवतारातला, 'पडोसी'मधला ठाकूर केला होता मजहर खान यांनी.

शेवट सांगायचा का, हा प्रश्न हमखास येतो. लॉगलाइनमध्ये नाही. तो सारांशात सांगावा लागतो, तिथे लपवाछपवी चालत नाही. 'श्वास'मध्ये नातवाचा जीव वाचवायचा तर त्याची दृष्टी जाणार, हे कोकणातून पुण्याला आलेल्या आजोबांना कळतं. ते त्याला कसं सांगायचं आणि ऑपरेशनपूर्वीच्या थोड्या वेळात त्याला काय दाखवायचं? इथे थांबायचं.

काही सिनेमे या वाक्यात मावत नाहीत, हेही सांगायला हवं. चैतन्य ताम्हाणे यांचा २०१४ सालचा 'कोर्ट'. एका सफाई कामगाराला आपल्या गाण्यातून आत्महत्येला प्रवृत्त केलं, या आरोपावरून एका वृद्ध शाहिरावर खटला चालतो. वाक्य चोख आहे, वाचणारा संहिता उघडेल. पण त्या सिनेमाचा जीव आहे तो सरकारी वकील बाई घरी जाऊन स्वयंपाक करतात, न्यायाधीश सुट्टीत सहलीला जातात, अशा जागी. तो त्या वाक्यात नाही आणि यायलाही नको. वाक्यानं दार उघडून दिलं की त्याचं काम संपलं.

एक भीती मात्र सगळ्यांना असते. 'सर, एवढ्यात गोष्ट सांगितली आणि कुणी चोरली तर?' यावर आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा १९७८ सालचा निकाल आहे, आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स. आनंद यांचं 'हम हिंदुस्तानी' हे नाटक आणि १९५६ सालचा 'न्यू देल्ही' हा चित्रपट. दिल्लीतलं एक पंजाबी घर, एक दक्षिणी घर, त्यांच्या मुलामुलीचं प्रेम आणि आड येणारा आईबापांचा प्रांताभिमान. दोन्हींची लॉगलाइन जवळपास एकच होईल. न्यायालयानं निर्मात्याच्या बाजूनं कौल दिला. कल्पनेवर किंवा विषयावर कुणाचा स्वामित्वहक्क नसतो, तो मांडणीवर असतो, आणि दोघांची मांडणी वेगळी होती. म्हणून मुलांना सांगतो, वाक्य तिजोरीत ठेवून उपयोग नाही, ते दहा जणांना ऐकवा. पण त्याआधी संहिता शेवटच्या पानापर्यंत लिहून काढा आणि मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदवा. यावर बहुतेक जण गप्प होतात. संहिता अजून लिहायचीच असते.