खुणेची चूक आणि शिकणाऱ्याचा हक्क



वसंत व्याख्यानमालेत संतचरित्र, इतिहास, शेती अशा विषयांवर बोलण्याची रीत आहे. आजचा आमचा विषय त्या मानाने रुक्ष वाटेल. संगणकाला कामे सांगण्यासाठी ज्या प्रोग्रॅमिंगच्या भाषा असतात, त्यांची माहिती देणारी पाने इंटरनेटवर फुकट वाचावयास मिळतात. त्या पानांत खुणांच्या चुका राहतात. त्या चुका आणि त्यांची दुरुस्ती, एवढाच आमचा विषय आहे. कामगार संघटनेत आयुष्य घालविलेल्या, शाळा अर्ध्यावर सुटलेल्या माणसाने या विषयाला हात का घालावा, असे कुणी विचारील. त्याचे उत्तर व्याख्यानाच्या ओघात येईलच.

प्रथम खूण म्हणजे काय ते पाहू. शिशाच्या खिळ्यांच्या छापखान्यात हस्तलिखित कंपोझिटरच्या हाती जाण्यापूर्वी त्यावर खुणा केल्या जात. हा मथळा जाड खिळ्यांत घ्यावा, येथे नवा परिच्छेद पाडावा, ही ओळ आत सरकवावी. त्या खुणा छापल्या जात नसत. त्या वाचकासाठी नव्हत्याच, जुळणी करणाऱ्यासाठी होत्या. अशा खुणा करण्याला इंग्रजीत मार्कअप म्हणत. तोच शब्द पुढे संगणकवाल्यांनी उचलला. आज कंपोझिटरच्या जागी यंत्र बसले आहे, एवढाच फरक. परंतु तो फरक मोठा आहे. जुना कंपोझिटर खूण चुकलेली दिसली तर थांबून विचारी; यंत्र मात्र सांगितले तेवढेच करते.

उदाहरणासाठी पायथॉन ही भाषा घेऊ. हॉलंडमधील गीडो व्हान रॉसम यांनी तयार केलेली ही भाषा १९९१ मध्ये प्रथम लोकांपुढे आली आणि आज जगभर शिकविली जाते. तिची माहितीपुस्तके आरंभी लॅटेक नावाच्या पद्धतीने लिहीत. २००८ मध्ये निघालेल्या २.६ या आवृत्तीपासून ती रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट या सोप्या खुणांच्या पद्धतीत आली आणि गेओर्ग ब्रांडल यांनी रचलेले स्फिंक्स हे साधन त्या खुणा वाचून पाने तयार करू लागले. या पद्धतीत वाक्याच्या शेवटी लागोपाठ दोन अपूर्णविराम दिले, की पुढे आत सरकवून लिहिलेल्या ओळी म्हणजे आज्ञांचा नमुना आहे, त्या आहेत तशा ठेवाव्यात, असा अर्थ होतो. आता त्या दोहोंपैकी एक अपूर्णविराम गळला असे समजा. यंत्र त्या ओळींना साधे गद्य समजते आणि एकीला दुसरी जोडून परिच्छेद करून टाकते. मराठी गद्यात असे झाले तर अर्थ समजण्यास फारशी अडचण नाही. पायथॉनमध्ये मात्र ओळ कोठे संपते आणि तिच्या आरंभी किती जागा सोडली आहे, हाच व्याकरणाचा भाग आहे. एका ठिपक्याची जोडी गेली आणि नमुना निकामी झाला!

दुसरी चूक याहून फसवी. संगणकाला दिलेल्या आज्ञेत पुष्कळदा एखाद्या शब्दापूर्वी दोन आखूड आडव्या रेघा द्याव्या लागतात. हा मजकूर आज्ञा म्हणून खुणेने वेगळा काढला नाही, तर पान देखणे करण्याच्या उत्साहात यंत्र त्या दोन रेघांची एक लांब रेघ करते. पान सुंदर दिसते. शिकणारा ते जसेच्या तसे उतरवून घेतो आणि संगणक म्हणतो, ही आज्ञा मला ठाऊक नाही. तिसरी तऱ्हा अशी की, काही पद्धतींत कोनी कंसात लिहिलेला शब्द यंत्राला स्वतःसाठीची खूण वाटतो. ते तो शब्द गिळून टाकते आणि वाचकापुढे अर्धे वाक्य राहते.

एवढ्याशा चिन्हाने काय बिघडते, असे म्हणणाऱ्यास आम्ही मराठीतलेच उदाहरण देतो. ‘लग्नासाठी आचाऱ्याला बोलवा’ आणि ‘लग्नासाठी आचार्याला बोलवा’ या दोन वाक्यांत फरक आहे तो एका रकाराच्या वळणाचा. त्या वळणात चूक झाली तर मांडवात विद्वान येतील आणि पंगत उपाशी उठेल.

आता प्रश्न असा की, या चुकीचा भार कुणाच्या डोक्यावर पडतो? पुण्यातल्या मोठ्या कंपनीतील इंजिनियर अडला, तर शेजारच्या खुर्चीवरील माणसाला विचारतो आणि पुढे जातो. परंतु पुसेगावात किंवा सेनगावात एखादी शेतमजुराची मुलगी मोबाईलवर ही भाषा शिकत असेल, तर तिला गुरू नाही, शिकवणी नाही. ते पान हाच तिचा गुरू. पानावरचा नमुना चालला नाही, तर पान चुकले असे तिच्या मनात येत नाही. आपलेच डोके कमी, हे काम आपल्यासारख्यांचे नव्हे, असे ती ठरवते आणि शिकणे सोडते. पानाची चूक अशा रीतीने माणसाच्या माथी बसते.

ही गोष्ट आम्हांला नवी नाही. यंत्र जुने, पट्टा सैल, आणि माल बिघडला की दंड कामगाराला, हे आम्ही वर्षानुवर्षे पाहिले. एका कारखान्यात वेतनाचा करार झाला. दराच्या आकड्याशेजारी एक बारीक तारा होता आणि तळाशी टीप होती की, हंगामी कामगारांनाही हाच दर मिळेल. टंकलेखन करताना तारा गळला. तळाची टीप राहिली, पण ती कोणत्या आकड्याची हे कळेना. दोन पगार जुन्या दराने झाले. हंगामी कामगारांना वाटले, करारात आपण नव्हतोच. आपणच चुकीचे ऐकले. आम्ही सह्यांची मूळ प्रत आणून ओळ ओळ ताडून पाहिली, तेव्हा फरकाची रक्कम मिळाली. तारा एवढासा, पण त्याच्यामागे माणसांची मीठभाकर होती.

दुरुस्तीचे हे काम हलके समजण्याची आपल्याकडे रीत नव्हती. आपल्याच मराठवाड्यातील पैठणच्या एकनाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. मूळ ग्रंथ शके १२१२ चा. मधल्या जवळजवळ तीनशे वर्षांत नकलांवर नकला होऊन त्यात पाठभेद शिरले होते. नाथ स्वतः थोर कवी. परंतु त्यांनी त्यात आपली भर घातली नाही आणि पुढे कुणी घालू नये असेही बजावले. दुरुस्ती करणाऱ्याने स्वतःला बाजूला ठेवावयाचे असते, हा धडा तेथून घ्यावा. पुढे मुंबईत जावजी दादाजी यांनी १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. लहानपणी खिळे घासण्याच्या कामावर राबलेला हा माणूस. पण त्याच्या छापखान्यातून निघालेले संस्कृत ग्रंथ शुद्धतेसाठी पंडितांनी प्रमाण मानले. आमच्या काळी अमेरिकेतील डोनाल्ड क्नूथ यांनी, ज्यांच्या प्रोग्रॅमिंगवरील महाग्रंथाचा पहिला खंड १९६८ मध्ये निघाला, आपल्या पुस्तकातली चूक दाखविणाऱ्यास २ डॉलर ५६ सेंट बक्षीस ठेवले. संगणकाच्या हिशेबात २५६ हा भरलेला आकडा, म्हणून ती रक्कम. त्यांचे धनादेश न वटविता चौकटीत लावून ठेवणारे पुष्कळ. ग्रंथकाराने आपली चूक दाखविणाऱ्याचा असा मान राखावा, ही गोष्ट घेण्यासारखी आहे.

आज ही सोय आणखी खुली झाली आहे. पायथॉनचे मूळ लेखन २०१७ पासून गिटहब या ठिकाणी आहे. तेथे कुणीही चूक दाखवू शकतो, दुरुस्ती सुचवू शकतो. जाणकार ती तपासतात, पटली तर घेतात, आणि सुचविणाऱ्याची नोंद राहते. जातपात, पदवी, हुद्दा कुणी विचारत नाही. काही चुका यंत्रही शोधते. परंतु जी खूण नियमात बसते आणि अर्थात बसत नाही, ती यंत्राला दिसत नाही. एक अपूर्णविरामही भाषेत चालतोच. म्हणून दोनांतला एक गळाला तर यंत्र पुष्कळदा मुकाट राहते. तेथे वाचणारा माणूसच लागतो, आणि नवशिका तर अधिकच लागतो. कारण जाणत्याचा डोळा सवयीने चुकीवरून घसरतो, नवशिका तेथे ठेचकाळतो.

येथे कामगारांचा माणूस म्हणून एक गोष्ट सांगितल्यावाचून आम्हांला राहवत नाही. या भाषांवर मोठमोठ्या कंपन्या उभ्या आहेत आणि पाने नीट ठेवणारे पुष्कळजण विनामूल्य राबतात. ज्यांना नफा मिळतो त्यांनी या श्रमाचा मोबदला द्यावा, ही मागणी न्याय्य आहे आणि ती केलीच पाहिजे. परंतु मागणी मान्य होईपर्यंत चूक तशीच ठेवावी, असे आम्ही म्हणणार नाही. गावच्या आडातला गाळ कुणी काढावा याचा वाद पंचायतीत चालू द्यावा. पाणी भरणाऱ्या बाईला तोवर गढूळ पाणी पाजू नये.

म्हणून येथे बसलेल्या तरुणांना आमचे सांगणे थोडकेच आहे. पानावर अडलात तर आपल्या बुद्धीला दोष देण्यापूर्वी पान तपासा. शेजारचा दुसरा नमुना पाहा, दोन्ही ताडून बघा. चूक सापडली तर तीन गोष्टी लिहा: कोठे आहे, काय छापले आहे, काय असावयास हवे. आपली विद्वत्ता त्यात मिसळू नका. मग ते पाठवून द्या. तुमच्यामागून त्याच वाटेने येणारे मूल कोठल्या गावचे, कोणत्या देशाचे, हे तुम्हांस कधी कळणार नाही. ते तेथे ठेचकाळणार नाही, इतके मात्र खरे.