चित्राच्या कोपऱ्यातले नाव

(गणेशोत्सवातील चित्रकला स्पर्धेच्या बक्षीस समारंभात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

बक्षिसे वाटण्याआधी मला चार शब्द बोलायला सांगितले आहे. सुरुवात एका कबुलीने करतो. काही वर्षांपूर्वी एका गणेशोत्सवाची निमंत्रणपत्रिका करण्याचे काम माझ्याकडे आले होते. रात्र थोडी आणि सोंगे फार! मोबाईलवर एक सुंदर गणपती सापडला. खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत कोणाचे तरी नाव होते. मी त्या नावावर बोधचिन्ह बसवले आणि पत्रिका छापायला दिली. सगळ्यांनी कौतुक केले. एका आजींनी विचारले, "चित्र कोणी काढलं रे?" मी म्हणालो, "नेटवरून घेतलं, आजी." आणि मोकळा झालो.

पुढच्या वर्षी माझ्या पुतणीने गणपतीचे चित्र काढले. चार संध्याकाळी खपून काढले, खाली नाव घातले आणि स्टेटसला ठेवले. आठवड्याभरात तेच चित्र एका दुकानाच्या शुभेच्छा म्हणून आमच्याच फोनवर आले. खालची पट्टी कापलेली, वर सोनेरी अक्षरांत दुकानाचे नाव. ती मला म्हणाली, "काका, हे चित्र माझं आहे हे आता मी कसं सांगू?" मी काय उत्तर देणार? जे तिच्या चित्राचे झाले, तेच मी दुसऱ्या कोणाच्या चित्राचे केले होते. त्या दिवसापासून या विषयाचा नाद लागला.

मुले हल्ली चित्रावर 'वॉटरमार्क' टाकतात. हा शब्द कागदाच्या धंद्यातला आहे. खिशातली पाचशेची नोट उजेडात धरा. कोऱ्या जागेत गांधीजी दिसतात. ते शाईने छापलेले नसतात. कागद ओला असताना त्याचा लगदा कुठे जाड, कुठे पातळ बसवतात आणि उजेडात त्याचेच चित्र दिसते. 13व्या शतकात इटलीतल्या फाब्रियानो गावच्या कागद करणाऱ्यांनी ही युक्ती काढली. साच्याच्या जाळीवर तारेची नक्षी बसवायची, म्हणजे तेवढ्या जागी कागद पातळ होतो आणि हा कागद कोणाच्या घरचा ते कळते. आपल्याच राज्यात नर्मदापुरमला, म्हणजे जुन्या होशंगाबादला, नोटांचा कागद करणारा सरकारी कारखाना 1968 पासून आहे.

आता फरक पाहा. नोटेतली खूण कागदाच्या अंगात असते. ती काढायची तर कागदच फाटेल. मोबाईलवरच्या चित्रातले नाव मात्र वरून ठेवलेले असते. कोपऱ्यात असेल तर बोटाने कापता येते. 2017 साली गूगलच्या संशोधकांनी दाखवून दिले की, एकाच ठशाचा वॉटरमार्क शेकडो फोटोंवर असेल तर संगणक ते फोटो एकमेकांशी ताडून पाहतो, ठसा ओळखतो आणि आपोआप पुसतो. उपायही त्यांनीच सांगितला: प्रत्येक चित्रावर ठशाचा आकार थोडा थोडा बदला, म्हणजे पुसल्यावर डाग राहतात.

म्हणून मुलांनो, चार गोष्टी ध्यानात ठेवा. नाव कोपऱ्यात नको. जिथे रेषा दाट आहेत, दागिने आहेत, शेल्याच्या चुण्या आहेत, तिथे फिक्या रंगात घाला. बाप्पाचा चेहरा झाकू नका, पण नाव पुसायला गेले तर चित्र बिघडेल अशी जागा निवडा. दुसरे, मोठे मूळ चित्र स्वतःजवळ ठेवा आणि बाहेर लहान आकाराचे पाठवा. फोनवर ते छान दिसते, पण त्याचा फ्लेक्स केला तर फाटते. तिसरे, कच्ची रेखाटने टाकून देऊ नका. अर्धवट चित्राचे फोटो तारखेसह जपून ठेवा. भांडण झाले तर तोच पुरावा. चौथे, फोटोच्या आत लपलेल्या माहितीवर विसंबू नका. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवले की ती माहिती गळून जाते.

आता तर यंत्रे दुसऱ्यांची चित्रे पाहून चित्रे काढायला शिकतात. त्यावर शिकागो विद्यापीठाने 2023 मध्ये 'ग्लेझ' नावाचे साधन काढले. ते चित्रात डोळ्यांना फारसे न जाणवणारे बदल करते, त्यामुळे यंत्राला त्या चित्रकाराची शैली उचलणे अवघड जाते. पण कुलूप कितीही चांगले असले, तरी चोराला थोडा वेळ लागतो, इतकेच.

मग कायदा काय म्हणतो? आपला कॉपीराइट कायदा 1957चा. चित्र पूर्ण झाले की हक्क आपोआप चित्रकाराचा. नोंदणी सक्तीची नाही. चित्रकार हयात असेपर्यंत आणि त्याच्या मागे 60 वर्षे तो टिकतो. याच कायद्याच्या 57व्या कलमाप्रमाणे चित्र विकून टाकले तरी 'हे मी काढले' असे सांगण्याचा अधिकार चित्रकाराकडेच राहतो. आणि 2012च्या दुरुस्तीने आलेल्या 65ब कलमात, चित्रासोबत दिलेले कर्त्याचे नाव मुद्दाम, परवानगीशिवाय काढून टाकल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड सांगितला आहे. हे वाचल्यावर मला माझी पत्रिका आठवली, खोटे कशाला सांगू!

ज्येष्ठांसाठी एक हिशेब देतो. राजा रविवर्मा 1906 मध्ये गेले. त्यांची लक्ष्मी-सरस्वतीची चित्रे आज कोणीही छापू शकतो. दीनानाथ दलाल 1971 मध्ये गेले, रघुवीर मुळगावकर 1976 मध्ये. म्हणजे दलालांच्या चित्रांवरचा हक्क 2031 अखेरपर्यंत आणि मुळगावकरांच्या चित्रांवरचा 2036 अखेरपर्यंत आहे. तो कोणाकडे, ते विचारून घ्यावे लागेल. जुन्या दिवाळी अंकाचे मुखपृष्ठ हाती आले की आपल्या घरांत आधी कोपऱ्यातली सही शोधत, आठवते ना? "हा दलालांचा अंक" असे म्हणत. ती सही लहानच असे, पण ती कापावी असे कोणाच्या मनात येत नसे.

आपल्या शेजारच्या जिल्ह्यांतले गोंड चित्रकार या बाबतीत एक पाऊल पुढे आहेत. दिंडोरीकडच्या पाटनगढचे जनगढ सिंह श्याम यांनी भिंतीवरचे चित्र कागदावर आणले. त्यांच्यामागून आलेल्या चित्रकारांनी हरिण, मोर, झाड भरण्यासाठी आपापली वेगळी नक्षी ठरवली. कोणाचे ठिपके, कोणाच्या बारीक रेघा, कोणाचे खवले. जाणकार माणूस सही न पाहता नाव सांगतो. ही नोटेसारखी अंगातली खूण झाली. ती कापायची कुठून?

आणि आपल्या वारासिवनीचे काय? आपल्या हातमागाच्या साडीला 2023 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तोही एका परीने गावाचा वॉटरमार्कच. यंत्रावर काढलेली साडी 'वारासिवनीची' म्हणून कोणी विकली, तर विणकराच्या बाजूने बोलायला आता आधार आहे. पण तो आधार केव्हा कामाला येतो? दुकानात उभ्या राहिलेल्या वहिनींनी "ही हातमागाचीच ना? खूण दाखवा," असे विचारले तर.

मला सांगायचे आहे ते एवढेच. चित्रकाराने नाव घालावे, कायद्याने त्याच्या मागे उभे राहावे, पण ते नाव टिकते की जाते हे शेवटी आपल्या बोटावर आहे. सकाळी आलेले चित्र पुढे पाठवताना ते कापू नका. नाव नसेल तर "कोणी काढलंय?" असे विचारा. पत्रिकेला, फ्लेक्सला, स्मरणिकेला चित्र हवे असेल तर आधी परवानगी मागा. बहुतेक चित्रकार आनंदाने "घ्या" म्हणतात, त्यांना फक्त नाव हवे असते.

मंडळाला माझी एक विनंती आहे. पुढच्या वर्षापासून पत्रिकेवर आणि स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर आपल्याच मुलांचे चित्र असावे आणि खाली ठळक अक्षरांत लिहावे: चित्र अमुक, इयत्ता अमुक. आज ज्यांना बक्षीस मिळेल त्यांचेही आणि ज्यांना मिळणार नाही त्यांचेही.

त्या पत्रिकेच्या चित्रकाराचा शोध मी पुष्कळ घेतला. सापडला नाही. सापडणार कसा? त्याचे नाव तर मीच झाकले होते. आज गजाननासमोर त्या अनोळखी माणसाची माफी मागतो आणि थांबतो.