आधी कागद, मग किल्ली

आज आपण खोली भाड्यानं देण्याविषयी बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, आम्ही शेतात राबणाऱ्या बाया, आमचा भाड्याशी काय संबंध? पण आपल्यातल्या कितीतरी जणींनी लेकरांच्या शिक्षणासाठी परभणीत, सेलूला, गंगाखेडला दोन खोल्या बांधल्यात. लेकरं मोठी झाली की त्या आपण भाड्यानं देतो. कधी कृषी विद्यापीठातल्या मुलांना, कधी बदलून आलेल्या गुरुजींना. एकट्या बाईला तेवढाच किराण्याचा आधार.

माझंच सांगते. आमचे हे गेल्यावर परभणीतल्या खोल्या मी ओळखीतल्या एका कुटुंबाला दिल्या. भाडं महिना अडीच हजार, अनामत पाच हजार. सगळं तोंडी. मला काकू म्हणायचे, दिवाळीला फराळाचं ताट यायचं. चार वर्षांनी लेक शिकायला परभणीत आली आणि मला खोल्या लागल्या. तसं सांगितलं, तर उत्तर आलं, "काकू, भाडं दीड हजारच ठरलं होतं. वरचे पैसे आम्ही आगाऊ दिलेत. आणि अनामत पन्नास हजार होती, ती आधी परत करा."

माझ्याकडं ना पावती, ना कागद. वकीलबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "करार कुठंय?" मी गप्प. शेवटी गटातून कर्ज काढलं आणि पंचवीस हजार देऊन मिटवलं. ते फेडायला दीड वर्ष गेलं.

तेव्हा मला कायदा कळला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 चा आहे, 2000 सालापासून लागू झाला. त्याचं कलम 55 म्हणतं की भाड्याचा करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. नोंदवायची जबाबदारी कुणाची? घरमालकाची, म्हणजे आपली. नोंद नसली, तर भाडेकरू ज्या अटी सांगेल त्या खऱ्या धरल्या जातात. खोट्या आहेत हे आपण सिद्ध करायचं. वर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

आपल्याकडं एक समज पक्का आहे, की अकरा महिन्यांचा करार केला म्हणजे नोंदणीची गरज नाही. शंभराच्या स्टॅम्पवर लिहायचं, नोटरी करायची, झालं. बायांनो, नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. हा कायदा जिथं लागू आहे, तिथं करार अकरा महिन्यांचा असला तरी तो नोंदवावाच लागतो.

आता आपल्या फायद्याचं ऐका. राहण्यासाठी खोली देताना 'लिव्ह अँड लायसन्स' करार करा. म्हणजे ठरलेल्या मुदतीपुरती राहायची परवानगी. कलम 24 प्रमाणे मुदत संपली की राहणाऱ्यानं जागा सोडायची. नाही सोडली, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडं अर्ज करता येतो, त्यासाठी वेगळी पद्धत ठरवून दिली आहे. आणि जागा ताब्यात मिळेपर्यंत दुप्पट दरानं भरपाई मागता येते. महिना तीन हजार ठरले असतील, तर सहा हजार. करारात लिहिलेलं असेल तेच तिथं पुरावा म्हणून धरलं जातं. म्हणून लिहिताना घाई करू नका.

करारात काय काय हवं? कोणती खोली, मुदत कधीपासून कधीपर्यंत, महिन्याचं भाडं, अनामत किती आणि ती कधी परत, लाईटबिल कुणी भरायचं, मुदतीआधी सोडायचं तर किती दिवस आधी सांगायचं. अनामत शक्यतो बँकेतून घ्या. किल्ली देताना मीटरच्या आकड्याचा फोटो काढा. भाड्याची पावती देणं आपल्यावर बंधनकारक आहे, आणि तिची स्थळप्रत आपलाच पुरावा. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यातही देऊन ठेवा.

घर अजून नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असेल आणि ते हयात नसतील, तर आधी वारसाची नोंद करून घ्या. नाहीतर सही कुणी करायची, इथंच गाडं अडतं.

खर्च फार नाही. मुद्रांक शुल्क मुदतीतल्या एकूण भाड्यावर पाव टक्का, म्हणजे शंभर रुपयांना पंचवीस पैसे. परत करायच्या अनामतीवर वर्षाला दहा टक्के व्याज धरून तेही त्यात मिळवतात. नोंदणी फी शहरात हजार रुपये, ग्रामीण भागात पाचशे. नोंदणी दुय्यम निबंधक कार्यालयात होते, नाहीतर आधार आणि अंगठ्याचा ठसा देऊन ऑनलाइनही होते. जाण्याआधी त्या दिवसाचे दर विचारून घ्या.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. हा कायदा मुख्यतः शहरांसाठी आहे, प्रत्येक खेड्याला लागू नाही. आपल्या गावाचं काय, ते वकिलाला विचारा. आपल्या तालुक्याच्या विधी सेवा समितीत आणि जिल्ह्याच्या विधी सेवा प्राधिकरणात बायांना मोफत सल्ला मिळतो. आणि दुसरं, कागद हातात असला तरी भाडेकरूचं पाणी तोडायचं नाही, लाईट बंद करायची नाही, सामान रस्त्यावर टाकायचं नाही. तसं केलं तर गुन्हेगार आपणच ठरतो.

कागद मागितला की माणूस दुरावतो, असं मला वाटायचं. आता माझ्या खोल्यांत दुसरं कुटुंब आहे, करार नोंदवलेला आहे. त्यांनाही बरं वाटतं, कारण त्यांची अनामत किती हेही त्यात लिहिलंय. ते मला काकूच म्हणतात आणि फराळाचं ताट आजही येतं.

येत्या बैठकीत विचारा, आपल्या गटात कुणाची खोली तोंडी भाड्यानं दिलेली आहे. तिला हे नक्की सांगा.