पलटणीतला रुग्ण



 

एचआयव्हीशी लढणं लष्कराला खरं तर सोपं जायला हवं होतं. रुग्ण रोज हजेरीला उभा, दवाखाना छावणीतच, औषध फुकट. मुलकी एआरटी (एचआयव्हीविरोधी औषधोपचार) केंद्रातल्या समुपदेशकाला घर बदललेल्या रुग्णामागे वणवण करावी लागते. आपलं, लष्करी डॉक्टरांचं, काम पलटणीला पाठवलेल्या एका निरोपात होतं. तरीही आपला जवान बाजारातल्या खासगी लॅबमध्ये जाऊन, नाव बदलून रक्त तपासून घेतो, हे इथं कुणाला नवीन नाही. त्याला भीती रोगाची असतेच. पण त्याहून जास्त कंपनी ऑफिसची असते.

एमआय रूमबाहेरची, म्हणजे छावणीतल्या दवाखान्याबाहेरची सकाळ डोळ्यांसमोर आणा. सिक रिपोर्टला, म्हणजे आजारी असल्याची नोंद करायला, रांग, मागे त्याच बराकीतले चौघे, टेबलाशी नर्सिंग असिस्टंट. निदान झालं की वैद्यकीय श्रेणी उतरते. ती उतरल्याचं क्लार्कला कळतं, क्लार्ककडून लंगरला, म्हणजे स्वयंपाकघराला. कमांडिंग ऑफिसरला खरं तर एवढंच कळायला हवं, की हा माणूस कोणती ड्यूटी करू शकतो आणि कोणती नाही. निदान डॉक्टरपाशी राहू द्या.

एचआयव्ही आणि एड्सविषयीचा २०१७ चा कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. समजावून सांगून घेतलेल्या संमतीशिवाय तपासणी नाही आणि गोपनीयता बंधनकारक, असं तो सांगतो. आता सुभेदार साहेबांनी अख्खी कंपनी रक्त द्यायला उभी केली आणि प्रत्येक जण ‘जी साब’ म्हणाला, तर त्याला संमती म्हणायचं का? मी म्हणणार नाही. समुपदेशन बंद दाराआड हवं आणि ‘नको’ म्हणणाऱ्याचं नाव कुठंही चढता कामा नये. त्यानं तपासण्यांचे आकडे सुरुवातीला कमी दिसतील. दिसू देत.

आपल्या चुकांची किंमत सर्वोच्च न्यायालयानं दोनदा मोजून दाखवली आहे. पाकिस्तान सीमेवर सैन्य उभं केलेल्या ऑपरेशन पराक्रमच्या काळात, २००२ मध्ये, हवाई दलाच्या एका जवानाला लष्करी रुग्णालयात रक्त चढवलं गेलं. एचआयव्ही उघडकीला आला २०१४ मध्ये. २०२३ मध्ये न्यायालयानं त्याला दीड कोटीहून अधिक भरपाई दिली. दुसऱ्या जवानाला एड्सच्या चुकीच्या निदानावरून २००१ मध्ये सेवेतून काढलं होतं. त्याला २०२४ मध्ये ५० लाख मंजूर झाले. दोन्ही निकाल प्रत्येक रक्तपेढी अधिकाऱ्यानं मुळातून वाचावेत, वर्तमानपत्रातून नव्हे. लागणीनंतरचे काही आठवडे साधी चाचणी निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून पिशवी कुणाची, तपासली कुणी, चढवली कुणाला, ही नोंद वीस वर्षांनीही सापडली पाहिजे.

उपचारांचं चित्र मात्र पार पालटलं आहे. १९८६ मध्ये मद्रासला देशातले पहिले रुग्ण सापडले तेव्हा आपल्या हातात काहीच नव्हतं. सरकारी केंद्रांतून मोफत एआरटी २००४ मध्ये सुरू झाली. पुढं बरीच वर्षं अनेकांना एफाविरेन्झ हे औषध असे. ते रात्री झोपताना घ्यायचं. सुरुवातीचे आठवडे चक्कर, भलतीसलती स्वप्नं. कारकुनाला ते निभावतं. रात्री दोनच्या पहाऱ्यावर रायफल घेऊन उभं राहायचं आहे त्यानं काय करावं? काही जण पहारा असेल त्या रात्री गोळी चुकवत. बाटलीवरचं लेबल खरवडलेलं, गोळ्या वाजू नयेत म्हणून आत कापूस कोंबलेला आणि बाटली ट्रंकेच्या तळाशी, हे मी पाहिलं आहे. आता डोल्युटेग्राविर असलेली एकच गोळी दिवसातून एकदा घेतली की भागतं. औषध नियमित चालू राहून व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूंचं प्रमाण, मोजता न येण्याइतका खाली राहिला, तर शरीरसंबंधातून लागण होत नाही. अशा जवानाच्या नेमणुकांवरचे निर्बंध कोणत्या काळच्या भीतीतून आले, हे एकदा तपासायला हवं.

कोर्स, पोस्टिंग, रजा, इथं औषधाची साखळी तुटते. रजेवर निघालेल्याला परतीचा उशीर धरून गोळ्या दिल्या, की तो प्रश्न मिटतो. निवृत्तीचा प्रश्न असा मिटत नाही. शिपाई चाळिशीच्या आत पेन्शनीत जातो, साताऱ्याकडं किंवा गडहिंग्लजकडं गावी परततो आणि तिथल्या एआरटी केंद्राच्या रांगेत त्याला भावकी भेटते. बायकोची तपासणी गरोदरपणी सरकारी दवाखान्यात झालेली, याची लष्करात. दोघांचे कागद एकमेकांना कधी भेटलेलेच नसतात.

म्हणून सभागृहातल्या सिव्हिल सर्जन मंडळींपुढं एक मागणी ठेवतो. निवृत्तीच्या तीन महिने आधी, जवानाच्या संमतीनं, आमचा डॉक्टर तुमच्या केंद्राला फोन करील. कोणती औषधं चालू आहेत, शेवटचा व्हायरल लोड किती, पूर्वी कोणतं औषध सोसलं नाही, हे बंद पाकिटात रुग्णाच्या हाती असेल. तुम्ही त्याला वेळ ठरवून बोलवा, पती-पत्नीला एकत्र बोलवा. तोवर पुरतील एवढ्या गोळ्या त्याच्या सामानात असतील, हे आमच्याकडं लागलं.