जोडीने फिरणारी मळसूत्रे



जुन्या मेजाचा रुंद खण आपणांपैकी प्रत्येकाने कधी ना कधी ओढला असेल. त्याला दोन कड्या असतात. घाईघाईने एकच कडी धरून ओढली, की खण तिरका होऊन चौकटीत अडकतो आणि जोर लावावा तसा अधिकच घट्ट बसतो. दोन्ही कड्या सारख्या ओढल्या, तर तोच खण अलगद बाहेर येतो. आज ज्या यंत्राविषयी मी बोलणार आहे, त्याचे मर्म या खणातच आहे.

संगणकाच्या आज्ञेने लाकूड, प्लायवूड किंवा अ‍ॅल्युमिनियम कोरणाऱ्या यंत्रास सीएनसी यंत्र म्हणतात. अंकांच्या आज्ञेवर चालणारे मिलिंग यंत्र अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेने १९५२ साली प्रथम लोकांपुढे आणले. आज हौशी कारागीर तसे यंत्र आपल्या पडवीत उभे करतात. मेजाच्या दोन लांब कडांवर रूळ, त्या रुळांवर पुढेमागे सरकणारा आडवा पूल आणि पुलावर कोरणारे अवजार, अशी त्याची ढोबळ रचना. पुलाला सरकविण्याचे काम लेड स्क्रू, म्हणजे लांब मळसूत्री दांडा करतो. मोटर दांडा फिरविते, दांड्यावरचा नट पुढे सरकतो आणि नटाबरोबर पूलही. मळसूत्राच्या फेऱ्यांनी अवजार मोजून सरकवावे, ही युक्ती १८०० च्या सुमारास लंडनच्या हेन्री मॉडस्ले यांनी आपल्या लेथवर सिद्ध केली. सीएनसी यंत्र तिचेच वंशज आहे.

यंत्र हातभर रुंदीचे असेल, तर मधोमध बसविलेले एक मळसूत्र पुरते. रुंदी १२०० मिलिमीटरवर गेली, की खणाची गोष्ट सुरू होते. अवजार पुलाच्या टोकाशी लाकूड कापत असते आणि ढकलणारा नट मध्यावर असतो. लाकडाचा विरोध त्या टोकाला मागे रेटतो व पूल तिरका होतो. माझ्या पहिल्या यंत्राने कापलेली कपाटाची झडप मी चौकटीत बसवू लागलो, तेव्हा वर फट आणि खाली घासणी! गुण्या लावून पाहिला, तर ६०० मिलिमीटरच्या बाजूला अर्ध्या मिलिमीटरचा फरक होता. यंत्र बिनचूक मोजत होते. परंतु त्याचा पूलच गुण्यात नव्हता.

यावर उपाय म्हणजे दोन्ही कडांना एकेक मळसूत्र आणि प्रत्येकास स्वतंत्र मोटर. मात्र दोन मोटरी म्हणजे निम्मे निम्मे ओझे, हा समज खरा नाही. पुलाचे वजन दोघी वाटून घेतात हे खरे. तथापि अवजार एका कडेला गेले, की कापण्याचा जवळजवळ सारा जोर त्या बाजूच्या मोटरीवर येतो. म्हणून प्रत्येक मोटर एकटीने तो जोर पेलेल, अशीच निवडावी. दोहोंचा ड्रायव्हर वेगळा असावा आणि कंट्रोलरच्या आज्ञेचे स्पंद दोघांना एकाच क्षणी मिळावेत.

मळसूत्रांची जोडीही एकाच जातीची हवी. एका फेऱ्यात नट जितका सरकतो, ती चाल दोन्हीकडे तंतोतंत सारखी असली पाहिजे. दांड्यांची टोके बेअरिंगसाठी कातून घ्यावी लागतात. बेळगावच्या उद्यमबागेसारख्या यंत्रशाळांच्या वस्तीत हे काम जाणणारे कातारी आहेत. दोन्ही दांडे एकाच हातून, एकाच वेळी कातून घेणे श्रेयस्कर. बसविताना नटांचे स्क्रू आरंभी सैल ठेवावेत, पूल हाताने एका टोकाला नेऊन त्या बाजूची बेअरिंगे आवळावीत, मग दुसऱ्या टोकाला नेऊन तिकडची आवळावीत आणि सरतेशेवटी नट. या क्रमाने मळसूत्र रुळाला समांतर बसते. ही घाई ज्याने केली, त्याचा पूल मध्ये सुरळीत धावतो आणि टोकाला कुरकुरतो.

लांब दांड्याचा आणखी एक स्वभाव आहे. तो वेगाने फिरू लागला, की दोरीउडीच्या दोरीसारखा मध्ये फुगून थडथडतो. त्याची लांबी दुप्पट केली, तर सुरक्षित वेग एक-चतुर्थांशावर येतो. तेव्हा दांडा जाड घ्यावा, किंवा मोठ्या चालीचा घ्यावा, म्हणजे तितक्याच अंतराला फेरे कमी लागतात.

आता मुख्य प्रश्न. बैलजोडीतील एक बैल मागे राहिला, तर तास वाकडे जाते. हौशी यंत्रांत वापरली जाणारी स्टेपर मोटर बहुधा एका फेऱ्यात २०० पावले टाकते. ओझे अति झाले, तर ती पावले चुकते, आणि चुकते ती चार-चारांच्या पटीत. मळसूत्राची चाल ५ मिलिमीटर असेल, तर एका चुकीत ०.१ मिलिमीटरचा फरक पडतो. साध्या स्टेपरची ही चूक कंट्रोलरला कळत नाही. वीज गेली व पुन्हा आली, म्हणजे दोन्ही मोटरी आपापल्या सोयीच्या पावलावर स्थिरावतात. तेथेही फरकास वाव असतो.

यास्तव पुलाच्या दोन्ही बाजूंना स्वतंत्र लिमिट स्विच लावावा. काम सुरू करण्यापूर्वी पूल मागे न्यावा. ज्या बाजूचा स्विच आधी दाबला जाईल ती मोटर थांबावी आणि दुसरीने आपल्या स्विचपर्यंत जावे. ही सोय देणारी संगणक-प्रणाली, उदाहरणार्थ लिनक्ससीएनसी, उपलब्ध आहे. स्विच बरोबर जागी आहेत की नाहीत, हे पाहण्याची रीत गवंड्यांच्या ओळखीची आहे. फळीवर १००० मिलिमीटर बाजूच्या चौरसाच्या चार कोपऱ्यांना छिद्रे पाडावीत व दोन्ही कर्ण मोजावेत. कर्णांत १.४ मिलिमीटरचा फरक आला, तर पूल दर मीटरला १ मिलिमीटर तिरका आहे असे समजावे. मळसूत्रांमधील अंतर १२०० मिलिमीटर असल्यास एका बाजूचा स्विच १.२ मिलिमीटर सरकवून पुन्हा मोजावे. कर्ण सारखे होईपर्यंत कंटाळू नये.

एक सावधगिरी मात्र जिवाभावाने सांगतो. एक मोटर अडली आणि दुसरी धावत राहिली, तर पूल पिळतो, नट फुटतो, प्रसंगी रूळ वाकतो. एका ड्रायव्हरने दोषाची खूण दिली, की दुसराही त्याच क्षणी थांबेल, अशी जोडणी अवश्य करावी. आणि तातडीचे लाल बटण दोघांनाही एकदमच थांबविणारे असावे.

कोणी विचारील, की एकच मोटर लावून दोन्ही मळसूत्रे दात्यांच्या पट्ट्याने का जोडू नयेत? अवश्य जोडावीत. पट्टा दाता सोडीत नाही तोवर दोघांत फारकत होत नाही, हा त्याचा मोठाच गुण. परंतु सारा भार एका मोटरीवर येतो आणि लांब पट्ट्याचा ताण वरचेवर पाहावा लागतो. मध्यम यंत्राला ही रीत उत्तम. यंत्र मोठे व काम जड असेल, तर दोन मोटरीच बऱ्या.

पुढे मी ती पहिली झडप मोडीत काढली आणि यंत्राला दुसरे मळसूत्र बसविले. परंतु झडप चौकटीत बसली, ती कर्ण मोजून स्विच सरकविल्यानंतर. दुसरी मोटर विकत मिळते. दोघींचा मेळ मात्र आपणच घालावा लागतो, आणि तोही रोज काम सुरू करण्यापूर्वी.