एक हाड कीं दोन?



आमच्या देवपुरास पांझरेचा शेजार आहे. पावसाळ्यांत कांठच्या डबक्यांतून बेडकाचीं शेपटीवालीं पिलें वळवळतात. शिक्षक असतांना मी वर्गांत सांगत असें, ‘हें पिलूं माशासारखें पोहतें, म्हणून बेडकाचे पूर्वज मासे!’ एकदां एका विद्यार्थ्यानें विचारलें, "गुरुजी, आपल्या कोपरापुढें दोन हाडें, मग बेडकाच्या पुढच्या पायांत एकच कां?" मीं त्यास दटावून खालीं बसविलें.

त्याचें उत्तर आज देतों. बेडकाचा तो पाय वाढत असतां तेथें प्रथम कूर्चेच्या दोन कांड्या दिसतात; पुढें त्या जुळून एक हाड होतें. जोडाची खांच मोठेपणींहि राहते.

ही दोन हाडांची मांडणी किती जुनी? कॅनडाच्या अतिउत्तरेस २००४ सालीं टिक्टालिक नांवाच्या, सुमारें ३७.५ कोटि वर्षांपूर्वींच्या माशाचे अवशेष सांपडले. त्याच्या परांत दंडाचें एक व त्यापुढें दोन हाडें आहेत!

पोहण्याचें साम्य पाण्यांत राहिल्यानेंहि येतें. हाडांची ही मांडणी मात्र वंशाची खूण होय. माझें अनुमान खरें होतें, पुरावा लंगडा होता. खरा पुरावा त्या मुलाच्या प्रश्नांतच होता.