ट्रफाल्गर स्क्वेअरचं कार्ड



मोबाइल येण्याआधी लंडनमध्ये पत्ता शोधत फिरणाऱ्याच्या खिशात हमखास ‘ए टू झेड’ हे नकाशापुस्तक असायचं. ते काढणारी जिऑग्राफर्स कंपनी १९३६ साली फिलिस पिअरसॉल या चित्रकार बाईंनी सुरू केली. कंपनीची जन्मकथा अशी की, बाई एकदा पार्टीला जाताना वाट चुकल्या. मग रोज पहाटे पाचला उठून, अठरा-अठरा तास चालून त्यांनी २३,००० रस्ते पायांखालून घातले. एकूण ३,००० मैल!

ब्रिटिश लायब्ररीत नकाशांचा विभाग सांभाळलेले पीटर बार्बर मात्र या पायपिटीला दंतकथा म्हणतात. बाईंचे वडील अलेक्झांडर ग्रॉस हंगेरीतून आलेले नकाशा-प्रकाशक. त्यांच्या ‘जिऑग्राफिया’ कंपनीने लंडनचे नकाशे आधीच काढले होते. बाईंचे ड्राफ्ट्समन जेम्स डंकन हेही वडिलांकडेच तयार झालेले. जुना नकाशा हाताशी असताना सगळं शहर कोण कशाला तुडवेल? माझा कल बार्बर यांच्याकडे आहे. बाई चालल्याच नसतील असं मी म्हणत नाही. पण पुस्तक उभं राहिलं ते सूचीवर.

सूची म्हणजे काय काम, ते बघा. एकेका रस्त्याचं एकेक कार्ड, त्यावर पानाचा आणि चौकोनाचा क्रमांक, आणि हा सगळा संसार बुटांच्या खोक्यांत, वर्णानुक्रमे लावलेला. बाईच सांगत की, एकदा ‘टी’चं खोकं खिडकीतून खाली सांडलं, काही कार्डं बसच्या टपावर बसून निघून गेली, आणि ट्रफाल्गर स्क्वेअर पुस्तकातून गळता गळता वाचला. हाही किस्साच, पण हा मला पटतो. सूची करणाऱ्याला असलीच स्वप्नं पडतात.

विक्रीही सोपी नव्हती. दुकानदार दारात उभे करीनात. शेवटी डब्ल्यू. एच. स्मिथने २५० प्रती मागवल्या आणि बाईंनी त्या स्वतः हातगाडीवरून पोचवल्या.

वडिलांची कंपनी हातची गेलेली बाईंनी पाहिली होती. म्हणूनच की काय, १९६६ मध्ये त्यांनी आपली कंपनी एका ट्रस्टच्या हवाली केली, म्हणजे कुणी ती विकत घेऊन कामगारांना घरी बसवू नये. १९९६ मध्ये बाई गेल्या.

आणखी एक गंमत. नक्कल करणारा सापडावा म्हणून नकाशात मुद्दाम खोटी खूण पेरायची, ही या धंद्यातली जुनी युक्ती. ‘ए टू झेड’मध्येही एक ‘बार्टलेट प्लेस’ होतं. वाट खरी, नाव खोटं. तिथल्या लोकांना ती ‘ब्रॉडवे वॉक’ म्हणूनच ठाऊक. हे २००५ च्या सुमारास बीबीसीच्या एका कार्यक्रमात उघड झालं, तेव्हा पुढच्या आवृत्तीत खरं नाव छापायचं कंपनीने कबूल केलं.